बिंदूकडे बघा, डावीकडे लक्ष द्या

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका. इईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढून घेतलेल्या कुणालाही ही सूचना पाठ असते; आपल्याकडे ती सहसा फिट येणाऱ्या मुलाच्या आईला ऐकावी लागते. मेंदूतल्या विजेवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांतही सुरुवात इथूनच होते. डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी, तिच्यात ३२, ६४, कधी १२८ इलेक्ट्रोड, आणि बोथट सुईच्या सिरिंजने प्रत्येकाखाली भरलेलं गार, चिकट जेल. या तयारीतच अर्धा-पाऊण तास जातो. मग त्या माणसाला मंद उजेडाच्या खोलीत पडद्यासमोर बसवतात. पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका असतो. त्याच्या डावी-उजवीकडे मधूनमधून चौकटी चमकून जातात. सूचना एवढीच : ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, पण लक्ष डावीकडे ठेवायचं. डावीकडची एखादी चौकट जराशी लहान वाटली, तर बटण दाबायचं. उजवीकडे काय चाललंय त्याची दखल घ्यायची नाही. थोड्या वेळाने बाजू बदलतात. आता लक्ष उजवीकडे.

प्रयोग इतका साधा, की यात शोधण्यासारखं काय आहे असं वाटावं. पण त्याची सगळी हुशारी या साधेपणातच आहे. दोन्ही वेळा डोळ्यांत शिरणारा उजेड तोच. चौकट तीच, ठिपका तोच, डोळ्याच्या पडद्यावर पडणारी प्रतिमाही तीच आणि त्याच जागी. बदलला तो फक्त त्या माणसाने मनाशी केलेला निश्चय. तेव्हा डोक्यावर टिपलेल्या विजेत फरक पडला, तर तो त्या निश्चयाचाच.

आणि फरक पडतो. चौकट चमकल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांत डोक्याच्या मागच्या भागात एक छोटी धन लहर उठते. डावीकडच्या चौकटीची उजव्या गोलार्धावर, उजवीकडच्या चौकटीची डाव्या गोलार्धावर. तिचं नाव पी-१. लक्ष त्या बाजूला असेल तर ही लहर उंच उठते, नसेल तर बुटकी राहते. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे माणसाने 'दिसलं' असं म्हणण्याच्या किंवा बटण दाबण्याच्या कितीतरी आधी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून हे काम उभं केलं. नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे निव्वळ अनुभवाचं बोलणं राहिलं नाही, मोजून दाखवता येऊ लागलं.

अनुभव अर्थात जुनाच आहे. लग्नाच्या हॉलमध्ये आपल्याशी बोलता बोलता, आपल्या डोळ्यांत बघत, दारातून कोण कुठली साडी नेसून आलं ते टिपणाऱ्या मावशीला हे कुणी शिकवावं लागत नाही. शास्त्रीय पद्धतीने ते पहिल्यांदा करून पाहिलं हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, एकोणिसाव्या शतकात. काळोख्या पेटीत छापील अक्षरं ठेवली, नजर रोखायला एक बारीक प्रकाशबिंदू ठेवला आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर उजेड पाडला. ठिणगी इतकी अल्पजीवी, की तेवढ्यात डोळा हलवणं अशक्य. तरीही अक्षरांचा कोणता भाग वाचायचा हे त्यांनी आधी ठरवलेलं असलं, तर तिथलीच अक्षरं कळत, बाकीची नाहीत. डोळ्यांच्या स्नायूंचा यात काही हात नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मग हे नक्की कुठे आणि केव्हा घडतं, ते सांगायला मात्र त्यांच्याकडे साधन नव्हतं.

'केव्हा' हा प्रश्न पुढे चांगलाच तापला. १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की मेंदू नको ती माहिती फार लवकर, तिचा अर्थ लागायच्या आधीच, अडवतो. पाच वर्षांनी डॉइच दांपत्याने नेमकं उलट म्हटलं : अर्थ सगळ्याचाच लागतो, निवड शेवटी होते. दोन्ही बाजूंनी प्रयोग केले, दोघांनाही आपापले पुरावे मिळाले. अडचण अशी, की सगळे मोजत होते ते माणसाचं अखेरचं उत्तर, आणि त्या उत्तरापर्यंत मेंदूत जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असे. विजेला मात्र वाटेतच गाठता येतं. हिलयार्ड यांच्या गटाने १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये जो प्रयोग छापला तो आवाजाचा होता : दोन्ही कानांत भराभर वेगवेगळे सूर, लक्ष एकाच कानाकडे. ज्या कानाकडे लक्ष, त्यातल्या सुराला मेंदूचा प्रतिसाद शंभरेक मिलिसेकंदांतच वाढलेला दिसला. मग तीच युक्ती दृष्टीला लावली, आणि तिथेही निवड लवकरच होते असं दिसलं. ब्रॉडबेंट यांचं पारडं जड झालं. पण पूर्ण नाही, कारण सोडून दिलेल्या बाजूची लहर बुटकी होते, नाहीशी होत नाही.

या सगळ्यातली जी गोष्ट वर्तमानपत्री बातम्यांत हमखास गळते, तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. पी-१ लहर कुणी एका चौकटीनंतर पाहिलेली नाही. कवटीवर मिळणारा मेंदूचा एकूण विद्युतदाब काही दशक मायक्रोव्होल्ट असतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. त्यातला चौकटीला मिळालेला प्रतिसाद जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्ट. डोळ्याची एक उघडझाप शंभरहून जास्त मायक्रोव्होल्टचा धक्का देते. दात आवळले, कपाळाला आठी पडली की स्नायूंची वीज. शिवाय भिंतीतल्या तारांतून सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी घरगुती वीज आहेच. दादर स्टेशनवर ऐन गर्दीच्या वेळी ध्वनिमुद्रण केलं तर पलीकडच्या फलाटावर पुटपुटलेला शब्द ऐकू येणार नाही. पण तोच माणूस तोच शब्द शेकडो वेळा पुटपुटला आणि प्रत्येक वेळी तो नेमका कधी सुरू झाला हे आपल्याला ठाऊक असलं, तर ती सगळी मुद्रणं एकावर एक ठेवून सरासरी काढता येते. गर्दीचा गलका दर वेळी वेगळा, म्हणून तो आपसांत कटतो. शब्द तेवढा उरतो. इईजीत हेच करतात. गणित सरळ आहे : १०० पुनरावृत्त्या केल्या तर गोंगाट दहावा भाग उरतो, तो आणखी निम्म्यावर आणायचा तर ४०० लागतात.

ही पद्धत आणली लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या जॉर्ज डॉसन यांनी. १९४७ मध्ये त्यांनी एकाच फोटोवर अनेक आलेख एकमेकांवर उमटवले, आणि पुढच्या काही वर्षांत खास सरासरी काढणारं यंत्रच बनवलं. संगणक प्रयोगशाळांत पोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. माझ्या मते या विषयाचा खरा नायक डॉसनच. लक्षाबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांना म्हणता आलं.

लक्षाची पहिली खूण मात्र सरासरीशिवायच दिसली होती, आणि ती दिसली तेव्हा ती लक्षाची आहे हे कळलं नव्हतं. जर्मनीतल्या येना इथले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली आणि पाच वर्षं दबकत १९२९ मध्ये छापली. सशा-माकडांच्या उघड्या मेंदूवर लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच वीज दाखवली होती. कवटी न उघडता माणसात ती मिळेल हे कुणी धरलं नव्हतं. बर्गर यांची प्रेरणा आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तरुणपणी लष्करी सरावात ते घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीने अस्वस्थ होऊन वडिलांना तार करायला लावली. मनाची ऊर्जा अशी अंतर ओलांडते का, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. ती ऊर्जा मिळाली नाही. मिळाल्या त्या सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे घेणाऱ्या अल्फा लहरी. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा आलेख काढले. डोळे मिटून स्वस्थ बसलं की लहरी ठसठशीत, डोळे उघडले किंवा मनात आकडेमोड सुरू केली की त्या मावळतात. (नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निवाडे करणाऱ्या न्यायालयाच्या कामात बर्गर यांचा सहभाग होता, हेही कागदपत्रांतून पुढे आलं आहे. त्यांच्याबद्दल हळवं होऊन लिहिणारे जुने चरित्रकार ते सांगत नाहीत.)

बर्गर यांचं म्हणणं बाहेर कुणी फारसं मानत नव्हतं. केंब्रिजच्या एडगर ऍड्रियन यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालेलं. त्यांनी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह १९३४ मध्ये स्वतःच्या डोक्यावर तपासणी केली आणि बर्गर बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. योगायोगाने ऍड्रियन यांच्या अल्फा लहरी फार सुंदर होत्या, मॅथ्यूज यांच्या अगदीच यथातथा. त्यांच्या निबंधात ऍड्रियन यांच्या मेंदूचा आलेख एका पाणभुंग्याच्या दृष्टीकेंद्राच्या आलेखाशेजारी ठेवलेला आहे, आणि दोन्ही बरेच सारखे दिसतात. विनोदबुद्धी शाबूत असलेली ती पिढी होती.

पुढची कितीतरी वर्षं अल्फा म्हणजे मेंदूचं रिकामपण असंच मानलं गेलं : काम नाही, म्हणून पेशी एका ठेक्यात डोलताहेत. या समजाला खटकणारी एक नोंद दिल्लीतून आली. एम्समध्ये बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये ध्यानस्थ योग्यांचे आलेख छापले. एरवी प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा गरम काचनळीचा स्पर्श झाला की अल्फा लहरी तुटतात. समाधीत त्या तुटल्या नाहीत. दोघांनी ४ अंश सेल्सिअस पाण्यात पाऊण तासाहून अधिक हात बुडवून ठेवला, तरीही अल्फा टिकून राहिली. समाधीत असलेले योगी अवघे चार, त्यामुळे यावरून फार मोठी इमारत बांधू नये. नंतर ती बांधली गेलीच, आणि अजून योगवर्गांच्या पत्रकांतून ती उभी आहे. पण प्रश्न चांगला होता : बाहेरचं जग दारावर धडका देत असताना टिकून राहणारी लहर 'रिकामपणाची' कशी?

उत्तराचा एक मोठा तुकडा २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांकडून मिळाला. वॉर्डन, फॉक्स आणि सहकाऱ्यांनी माणसाला आधी बाण दाखवला, आता डावीकडे लक्ष किंवा उजवीकडे, आणि मग पडद्यावर काहीही न दाखवता थोडा वेळ जाऊ दिला. त्या रिकाम्या वेळात, दिसायला काहीच नसताना, जी बाजू *दुर्लक्षित* करायची होती तिचं काम पाहणाऱ्या गोलार्धावर अल्फा वाढली. म्हणजे अल्फा ही डुलकी नाही. ती मेंदूने ठरवून केलेली नाकेबंदी आहे, निदान काही प्रसंगी तरी. शिकागोच्या एका गटाने २०१७ मध्ये तर कवटीवर अल्फा कुठे किती आहे यावरून माणसाचं लक्ष पडद्याच्या कोणत्या दिशेला सरकतंय, याचा क्षणाक्षणाला माग काढून दाखवला. डोळे अर्थातच ठिपक्यावर होते.

एफएमआरआय आल्यावर हे सगळं जुनं होईल असं १९९० च्या दशकात अनेकांना वाटलं. ते यंत्र मेंदूतली जागा मिलिमीटरमध्ये दाखवतं. इईजी त्या बाबतीत ढोबळ आहे, कारण कवटी वीज पसरवून टाकते. पण दोघांची गाठ पडली तेव्हा गंमत झाली. दृष्टीची माहिती मेंदूच्या कवचात जिथे सर्वात आधी पोचते, त्या डोक्याच्या मागच्या टोकाच्या भागात लक्षामुळे हालचाल वाढते, असं एफएमआरआयने दाखवलं. इईजी म्हणे, नाही : त्या भागातून उठणारी सर्वात पहिली लहर, ५० ते ९० मिलिसेकंदांमधली, लक्ष असो-नसो सारखीच. १९९९ मध्ये मार्टिनेझ, हिलयार्ड आणि सहकाऱ्यांनी तीच माणसं, तोच प्रयोग दोन्ही यंत्रांवर करून पाहिला. दोन्ही निष्कर्ष खरे निघाले. त्यांनी लावलेला अर्थ असा : माहितीची पहिली फेरी त्या भागातून लक्षाचा स्पर्श न होता पुढे जाते, पुढच्या भागांत तिच्यावर लक्षाचा परिणाम होतो, आणि मग काही वेळाने संदेश मागे फिरून पुन्हा पहिल्या भागात येतो. एफएमआरआय काही सेकंदांचा गोळाबेरीज हिशेब देतं, म्हणून त्याला जाणं आणि परतणं एकच दिसलं. अर्थात ती पहिली लहर लक्षाने *कधीच* बदलत नाही का, यावर २००८ मध्ये उलट निष्कर्ष छापला गेला, तो पडताळायला गेलेल्यांना तसाच मिळाला नाही, आणि भांडण चालू आहे.

शेवटचा एक टप्पा सांगायला हवा, कारण तो शाळा-कॉलेजांतल्या 'एकाग्रता' या लाडक्या शब्दाशी भिडतो. ओरेगनमधले एडवर्ड व्होगेल आणि माची­झावा यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की पडद्यावरच्या गोष्टी सेकंदभर मनात धरून ठेवताना डोक्यावर एक संथ ऋण लहर टिकून राहते, आणि धरलेल्या गोष्टींबरोबर ती वाढत जाते. तीन-चार गोष्टींपाशी वाढ थांबते; माणसाची धारणाही तिथेच संपते. पुढच्या वर्षी त्यांनी पडद्यावर काही कामाच्या आणि काही बिनकामाच्या आकृत्या एकत्र ठेवल्या. ज्यांची धारणाशक्ती कमी, त्यांच्या डोक्यावरची लहर बिनकामाच्या आकृत्यांसह मोजल्याइतकी मोठी निघाली. म्हणजे त्यांच्या मनात कमी मावत नव्हतं. उलट नको तेही आत येत होतं. मुलाला 'तुझं लक्षच नसतं' म्हणण्यापूर्वी हा आलेख आठवावा, असं मला वाटतं. लक्ष असतं, भलत्यावरही असतं.

इथून पुढे मात्र वाट घसरडी होते. एवढं मोजता येतं म्हटल्यावर वर्गात का नको? २०१९ मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर इईजीच्या पट्ट्या बांधल्याची चित्रफीत जगभर फिरली. पट्टीवरचा दिवा रंग बदलून मूल एकाग्र आहे की नाही ते शिक्षकांना सांगायचा. पालकांचा आरडाओरडा झाला आणि तिथल्या शिक्षण खात्याने वापर थांबवला. लोकांचा राग पाळत ठेवण्यावर होता, आणि तो रास्तच. पण त्याआधीचा प्रश्न कमी विचारला गेला : कपाळावरच्या कोरड्या इलेक्ट्रोडने, आठ्या घालणाऱ्या, डोळे मिचकावणाऱ्या, खुर्चीत चुळबुळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या *या क्षणाच्या* लक्षाबद्दल नेमकं कळतं काय? प्रयोगशाळेत जेलसकट, शेकडो पुनरावृत्त्यांनंतर जे मिळतं, ते दिव्याच्या रंगात मावत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये लक्षदोषाच्या निदानाला मदत म्हणून एका इईजी यंत्राला परवानगी दिली. ते थीटा आणि बीटा लहरींचं गुणोत्तर काढायचं. तीनच वर्षांत तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की संशोधनाबाहेर निदानासाठी यावर विसंबू नका.

आणि दुसरा घसरडा उतार पुण्यातून जातो. अनपेक्षित आणि माणसाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट समोर आली, की ३०० मिलिसेकंदांच्या सुमारास एक मोठी धन लहर येते. सॅम्युअल सटन यांनी १९६५ मध्ये नोंदवलेली ही पी-३००. पी-१ पेक्षा ती कितीतरी ठळक, म्हणून व्यवहारात वापरायचा मोह मोठा. आरोपीला गुन्ह्याचा तपशील दाखवा. ओळखला तर लहर येईल. अमेरिकेत याला 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग' हे नाव मिळालं. भारतात याच कुळातली पण वेगळ्या धाटणीची चाचणी तयार झाली : गुन्ह्याची हकीकत 'मी' असं म्हणत वाचून दाखवायची आणि आरोपीला ती 'अनुभवाने' ठाऊक आहे का, हे मेंदूच्या विजेवरून संगणकाने ठरवायचं. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यात जन्मठेप सुनावताना मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेल्या या चाचणीचा आधार घेतला, आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित केली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचा अभिप्राय दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, नार्को आणि पॉलिग्राफबरोबरच ही चाचणीही संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल दिला. मला यातली सर्वात खटकणारी गोष्ट म्हणजे, वाक्य ओळखीचं वाटणं आणि ते कृत्य स्वतः करणं, यांतला फरक विजेला कळतो हे गृहीतच धरलं गेलं. पोलीस कोठडीत तीच हकीकत दहादा ऐकलेल्या माणसाला ती ओळखीची वाटणारच.

प्रयोगशाळांना स्वतःची तपासणी करायला लाज वाटत नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. २०२१ मध्ये अनेक देशांतल्या गटांनी मिळून इईजीचे २७ गाजलेले जुने प्रयोग पुन्हा करून बघायचं ठरवलं. व्होगेल यांचा प्रयोग त्यांत आहे. मंद प्रकाश दिसणार की नाही, हे त्या क्षणी मेंदूची लहर चढत होती की उतरत होती यावर अवलंबून असतं, हा टुलूझच्या संशोधकांचा २००९ मधला मोहक निष्कर्षही आहे. तो सर्वांना सारखा सापडलेला नाही.

पी-३०० चा एक उपयोग मात्र खराखुरा माणसांच्या कामी आला. १९८८ मध्ये लॉरेन्स फार्वेल (ब्रेन फिंगरप्रिंटिंगवाले हेच) आणि इलिनॉयचे इमॅन्युएल डोन्चिन यांनी पडद्यावर ३६ अक्षरचिन्हांचा सहा बाय सहा चौकोन मांडला. ओळी आणि रकाने आळीपाळीने चमकतात. माणसाने हव्या त्या अक्षरावर लक्ष धरायचं. ते ज्या ओळीत आणि रकान्यात आहे, ते चमकले की पी-३०० उठते, आणि यंत्र अक्षर टंकतं. वेग मिनिटाला दोनेक अक्षरं, कारण इथेही पुनरावृत्ती चुकत नाही. हातपाय, वाचा सगळं गमावलेल्या एएलएस या आजाराच्या रुग्णांसाठी हे दार होतं. अमेरिकेतल्या अशाच एका रुग्ण शास्त्रज्ञाने घरी बसून याच्या आधारे दोन वर्षांहून अधिक काळ आपली प्रयोगशाळा चालवली.

फक्त, २०१० मध्ये ऑल्बनी आणि बर्लिन इथल्या दोन गटांनी एक जुनाच प्रश्न या यंत्राला विचारला : नजर ठिपक्यावर ठेवा आणि अक्षराकडे नुसतं लक्ष द्या, मग काय होतं? अचूकपणा धाडकन खाली आला. बावीस वर्षं 'लक्ष वाचणारं' म्हणवलेलं हे यंत्र बऱ्याच अंशी नजरेवर चालत होतं. ज्या रुग्णांचे डोळेही हलत नाहीत, त्यांनाच ते सर्वात कमी उपयोगी. बर्लिनच्या गटाने मग अक्षरं पसरून ठेवण्याऐवजी एकाच जागी, एकामागून एक दाखवायला सुरुवात केली. डोळा हलवायची गरजच नको. रायपूरच्या एनआयटीत देवनागरीसाठी असा पी-३०० टंकलेखक तयार करण्याचं काम काही वर्षं चाललं आहे, आणि तिथे अडचण दुहेरी आहे. स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार धरले की ३६ घरांत आपली बाराखडी बसत नाही. चौकोन मोठा करावा लागतो, फेरी लांबते. तीच अक्षरं एकाच जागी ओळीने दाखवायची, तर डोळे न हलवू शकणाऱ्या माणसाला 'पाणी' लिहिण्यासाठी 'प' यायची वाट बघावी लागेल, मग मात्रेची, मग 'ण'ची, मग पुन्हा मात्रेची. आणि प्रत्येकासाठी ती फेरी अनेकदा, सरासरी जमेपर्यंत.